तानाबाई आणि माजरीची ती भिंत

श्रीमती तानाबाई सिडाम यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते ऊर्जानगरात, म्हणजे वीजकेंद्राच्या वसाहतीत, शेजारणीच्या क्वार्टरमध्ये. दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. समोरच्या खोलीतलं सगळं सामान ओसरीत काढलेलं, रंगाचे डबे बंद, ब्रश कोरडे आणि बाई रिकाम्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसलेल्या. अर्ध्या तासाने मी पुन्हा डोकावले, तरी बसलेल्याच. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. दारातूनच म्हटलं, "बाई, कामाले आल्या का बसाले?" त्यांनी मान वळवली नाही. म्हणाल्या, "बसल्याबिगर खोली समजत नाई वं. तू बी ये, बस." मी गेले आणि बसले. त्याला आता बारा वर्षं झाली.

यंदा तानाबाईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांना विचाराल तर त्या म्हणतात, "मास्तरनं दाखल्यावर लिवली ते तारीख. खरी कोणाले मालूम?" खरी असो वा मास्तरांची, त्यांच्या हाताखाली शिकलेल्या आम्हां सगळ्याजणींना त्यांचा गौरव करायला निमित्त मिळालं, एवढं पुरे. या गौरवग्रंथात त्यांच्याविषयी लिहिण्याचा मान मला मिळाला, याचा मला अभिमान वाटतो. संपादक मंडळींनी शुद्ध आणि नीटनेटकं लिहायला बजावलं आहे. प्रयत्न करते. मी भिंती रंगवणारी बाई आहे, कागदावर हात बसलेला नाही.

त्या दिवाळीत माझ्या घरची परिस्थिती सांगण्यासारखी नव्हती. यजमानांचं कंत्राटी काम सुटलं होतं, मुलं लहान होती, आणि मला रांगोळीपलीकडे काही येत नव्हतं. तानाबाईंनी शेजारणीच्या घरी मला दोन दिवस नुसतं पाहू दिलं. तिसऱ्या दिवशी हातात घासकागद दिला आणि म्हणाल्या, "रंग मारनं कोणालेबी येते. आधी भित घासाले शिक." पुढले तीन महिने मी फक्त घासत होते. घरी जाऊन बोटं कोमट पाण्यात बुडवायची आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या द्यायची. आज आमच्या रंगकामाच्या गटातली नवी पोरगी मला तशाच शिव्या देत असणार, आणि दिल्याच पाहिजेत.

तानाबाईंचं माहेर पोंभुर्णा तालुक्यातलं, जंगलाला लागून असलेलं गाव. नव्या पिकाचा पहिला घास खायच्या, म्हणजे नवा खाण्याच्या सणाआधी तिथे प्रत्येक घर पांढऱ्या मातीने पोततात, खाली गेरूचा पट्टा ओढतात. त्यांच्या आईंचा हात गावात नावाजलेला होता. तो हात तानाबाईंकडे आला. लग्नानंतर चंद्रपूर भागात आल्यावर त्या डिस्टेंपर शिकल्या, पुट्टी शिकल्या, पडदे शिवायला शिकल्या, जुन्या खाटेला नवं रूप द्यायला शिकल्या. पण माती सोडली नाही. कुठेही कामाला निघाल्या की सामानात पांढऱ्या मातीचं एक गाठोडं असतंच. आम्ही हसायचो. "बाई, आता कोण माती लावते?" त्यांचं उत्तर ठरलेलं: "लागंल तवा लागंल."

त्यांच्या कामाची रीत साऱ्यांना माहीत आहे, तरी नव्या वाचकांसाठी सांगते. कोणाच्याही घरी गेल्या की त्यांचा पहिला प्रश्न रंगाचा नसतो. "दिवसभर या खोलीत कोण राह्यते?" हा असतो. मग ज्या जागी तो माणूस बसतो, त्याच जागी जाऊन बसायचं आणि त्याला काय दिसतं ते पाहायचं. ऊर्जानगरातल्या एका घरी मालकीणबाईंनी मोबाईलवर फोटो दाखवला, टीव्हीमागची भिंत अशी जांभळी चमकदार पाहिजे म्हणून. तानाबाई म्हातारे सासरे बसायचे त्या खुर्चीत जाऊन बसल्या. समोर उघडा मीटर आणि तेलकट कोपरा. टीव्ही त्या खुर्चीतून दिसतच नव्हता! त्यांनी आधी तो कोपरा केला, मीटरला लाकडी झाकण बसवलं, तिथे पितळी तांब्यात मनीप्लांट ठेवला, आणि मग जांभळी भिंतही करून दिली. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी आमच्यासाठी स्वतः चहा टाकला.

राखेचंही त्यांचं गणित वेगळं. आपल्याकडे खिडकीवर वीजकेंद्राच्या चिमण्यांची करडी धूळ बसते, म्हणून लोक करडाच रंग मागतात. तानाबाई ठाम नाही म्हणतात. "राख लपन असा रंग देत नाई मी. राख दिसली पाह्यजे, मंग तुमी पुसान." या वाक्यावरून काही कामं हातची गेली आहेत. त्यांनी फिकीर केली नाही.

आता माजरीची गोष्ट. ही गोष्ट माजरीत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि जशी ठाऊक आहे तशी ती खरी नाही. म्हणून ती मी सविस्तर लिहिते.

अकरा वर्षांपूर्वीचा फाल्गुन. माजरीच्या, कोळशाच्या खाणीला लागून असलेल्या वस्तीतल्या सुलोचनाबाईंनी तानाबाईंना बोलावलं होतं. त्यांच्या मुलीला, प्रणालीला, पाहायला रविवारी सकाळी पाहुणे येणार होते. समोरच्या खोलीत तिचे वडील, भाऊरावभाऊ, खाटेवर होते. लकव्याने त्यांचं उजवं अंग गेलेलं, बोलणं जवळपास बंद. सुलोचनाबाई म्हणाल्या, "याहिची खाट मांगच्या खोलीत टाकू. पाव्हण्यायले बरं नाई दिसत." प्रणाली दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला.

तानाबाईंनी भाऊरावभाऊंना खुर्चीत बसवायला लावलं आणि स्वतः सरळ त्यांच्या खाटेवर आडव्या झाल्या. सुलोचनाबाई पाहतच राहिल्या. दोन मिनिटांनी तानाबाई म्हणाल्या, "याहिची भित म्हंजे वरचं छत हाय. वर पाण्याचा केवढा डाग हाय, पाह्यला का कोणी? सालभर हाच पाहून राह्यले ते." कौलांच्या, आमच्या भाषेत कवेलूंच्या, खालचा बांबूचा तट्ट्या आधी बदलला, त्याला चुना दिला. खाट खोलीच्या मधोमध, पाहुण्यांच्या खुर्च्यांशेजारी मांडायची ठरली. "मुलीचा बाप हाय. मांगं काऊन जाईन? इथीच बसन." सुलोचनाबाई तयार झाल्या, पण अर्ध्या मनानेच.

शनिवारी दुपारी समोरच्या भिंतीला रंगाचा एक हात द्यायचा होता. हलका पिवळा डिस्टेंपर. तानाबाई पडद्याचं कापड आणायला भद्रावतीला गेल्या. जाताना मला बजावून गेल्या, "दुपारी ओली भित उघडी ठेवजो नोको. जेवाच्या आधी होत असन तर कर, नाई तर मी येवस्तोर थांब." घाईत होत्या, कारण सांगितलं नाही. आणि मी शहाणी! म्हटलं, त्या यायच्या आत भिंत पूर्ण करून दाखवते. दीडच्या सुमारास ब्रश हातात घेतला. घरात मी आणि भाऊरावभाऊ दोघंच. मायलेकी कपबशा मागून आणायला गेल्या होत्या.

भिंत संपली आणि भोंगा वाजला. मी ऊर्जानगरची. आमच्याकडे भोंगा म्हणजे पाळी सुटली, मोटरसायकली निघाल्या, बसगाड्या भरल्या, चहा ठेवा. मी हात पुसत भाऊरावभाऊंना म्हटलंसुद्धा, "चला, झाली सुट्टी." ते डाव्या हाताने खिडकीकडे दाखवू लागले. जोरजोरात. मला वाटलं, त्यांना उकडतंय. मी उठले आणि बंद होती ती दुसरी खिडकीही सताड उघडली. ते हात हलवतच राहिले. डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या, आणि मी त्यांना म्हणते, "आता येईन हवा, थांबा."

माजरीत त्या भोंग्याचा अर्थ एकच. खाणीत सुरुंग उडणार. पोरंटोरंही खिडक्या लावतात, भांडी खाली काढतात. घर हादरलं. कवेलूंच्या फटींतून वर्षानुवर्षांची काजळी तट्ट्यातून खाली आली, खिडक्यांतून काळी धूळ आत आली, आणि माझी ती ओली पिवळी भिंत काळे तीळ लावलेल्या भाकरीसारखी झाली.

सुलोचनाबाई आल्या आणि कपबशा हातात घेऊन दारातच थबकल्या. मग जे सुरू झाल्या! "उद्या पाव्हणे येऊन राह्यले, आन हे का करून ठेवलं वं? कोनं केलं हे? या बाईले मी माजरीत पाय ठेवू देत नाई. घरोघरी सांगतो मी." त्या वेळी माजरीतली आणखी पाच-सहा घरं तानाबाईंनी मला स्वतंत्रपणे करायला देऊ केली होती. माझं पहिलं स्वतःचं काम. माझ्या घरची चूल त्यावर होती. सुलोचनाबाईंचं तोंड साऱ्या वस्तीत चालायचं. तोंडाची फटकळ मी, आणि तेव्हा दातखीळ बसली.

तेवढ्यात तानाबाई ऑटोतून उतरल्या. त्यांनी भिंत पाहिली, उघड्या खिडक्या पाहिल्या, मला पाहिलं. एक क्षणही घेतला नाही. "सुलोचना, तिले काऊन बोलतं? म्याच सांगतलं तिले, भित संपव म्हणून. भोंग्याचं माह्या ध्यानातच नाई राह्यलं. चूक माही हाय." सुलोचनाबाईंनी मग त्यांनाही ऐकवलं, अगदी मनसोक्त. तानाबाईंनी मान खाली घालून सगळं ऐकलं. मला हुंदका आला, तशा हळूच म्हणाल्या, "रडनं मंग कर. आधी पोतं ओलं कर."

ओल्या पोत्याने आम्ही सगळा डिस्टेंपर पुसून काढला. रंग अजून कच्चा होता, म्हणून निघाला. मग तानाबाईंनी गाठोडं सोडलं. पांढरी माती घमेल्यात भिजवली, बाभळीचा डिंक घातला आणि फडक्याने, आपल्या आईसारखा, आडवा हात फिरवत भिंत पोतायला सुरुवात केली. प्रणालीनेही पदर खोचला. दिवेलागणीपर्यंत भिंत झाली आणि खाली गेरूचा पट्टाही ओढून झाला. ओल्या मातीचा वास खोलीभर पसरला. खाटेवरून भाऊरावभाऊंचा आवाज आला, तुटक, पण साऱ्यांना समजला असा: "गाव... आमचं गाव." प्रणाली धावत बापापाशी गेली. सुलोचनाबाई पदराआड रडत होत्या. त्यानंतर खाट मागे न्यायची गोष्ट कोणी काढली नाही.

रविवारी पाहुणे आले. मुलाची आई आल्या आल्या भिंतीवरून हात फिरवून म्हणाली, "हे हातानं पोतलं हाय. आमच्याकडं आता कोनाले येत नाई." ती खुर्ची सोडून भाऊरावभाऊंच्या खाटेच्या कडेला बसली आणि त्यांनाच विचारून तिने पुढचं बोलणं सुरू केलं. लग्न जमलं. प्रणाली आज दोन लेकरांची आई आहे, आणि तिच्या घरच्या खोल्या तानाबाईच करतात.

त्या दिवसापासून माजरीत तानाबाई दिसल्या की बाया चिडवतात, "तानाबाई आल्या वं, भोंगा सांगा त्याहिले!" आणि तानाबाई सगळ्यांत मोठ्याने हसतात. भोंग्याच्या तालावर वाढलेल्या माजरीत सगळ्यांत जास्त भिंती ज्यांनी केल्या, त्यांना भोंगा कळत नाही म्हणे! मला मात्र ती सहा घरं मिळाली, मग साठ मिळाली. परतीच्या बसमध्येच मी म्हटलं होतं, "बाई, मी खरं सांगून टाकतो." त्या म्हणाल्या, "सांगजो. पन आधी धा घरं कर." दहा झाली. पुन्हा विचारलं. म्हणाल्या, "आता आनखी धा कर." आणि मी, खरं लिहायचं तर, आनंदाने ऐकलं. मला सोयीचंच होतं ते. अकरा वर्षं सोयीचं होतं.

या ग्रंथात बाकीच्यांनी तानाबाईंच्या कलेवर लिहिलं आहे, ते योग्यच आहे. मी एवढंच लिहिते. सुलोचनाबाई, तुम्ही सत्काराला पहिल्या रांगेत असाल. तुमची भिंत मी बिघडवली. तानाबाई सांगून गेल्या होत्या, मी ऐकलं नाही. भाऊरावभाऊ मला खिडकी लावायला सांगत होते, आणि मी ती उघडली. तानाबाई तेव्हा भद्रावतीच्या बाजारात तुमच्या पडद्याचं कापड निवडत होत्या.

तानाबाई, तुम्ही आता रागावाल. रागवा. चार माणसांत मला बोला, मला ते गोड लागेल. तुमचे हात असेच चालत राहोत, गुडघे दुखायचे थांबोत, छातीत धूळ न जावो, आणि तुमच्या दाखल्यावरची ती खोटी-खरी तारीख आणखी चाळीस वेळा येवो. आणि येत्या सोमवारी आपण माजरीला जाऊ, तेव्हा भोंग्यावरून जे काही चिडवायचं असेल, ते लोक मला चिडवतील. तुम्ही फक्त बाजूला उभ्या राहून हसा.