खिळेमावशीचं तोंड

सोफ्याला कापड चढवायचं तर एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्याने हातोडी मारायची. मग खिळे धरायचे कुणी? मावशीने तीस वर्षं ते तोंडात धरले. चिमूटभर बारीक खिळे गालफडात कोंबायचे, जिभेने एकेक फिरवून, त्याचं डोकं पुढे करून ओठांवर आणायचा, लोहचुंबकाची हातोडी टेकवून उचलायचा आणि ठक्! गालात खिळे असतानाच ती सुनेला झापायची, गिऱ्हाइकाला गप्प करायची, आणि एकही खिळा सांडायचा नाही. सगळी गल्ली तिला खिळेमावशी म्हणायची.

छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमोचे सहा डोस ठरले, दर तीन आठवड्यांनी एक. डॉक्टरीणबाईंनी आधी दातांच्या डॉक्टरकडे धाडून किडकी दाढ काढायला लावली आणि बजावलं, "या औषधाने तोंड आतून सोलवटतं. तोंड सांभाळा, तरच डोस वेळेवर होतील."

मावशीने मान डोलावली आणि चार दिवसांनी गालात खिळे भरून दुकानात बसली. काम थांबलं तर माणूस गंजतो, असं तिचं मत.

पहिला डोस निभावला. दुसऱ्यानंतर गालाला फोड आले. मावशीने राकट ब्रशने दात खसाखसा घासले, वर झोंबणाऱ्या औषधाच्या गुळण्या केल्या. डोळ्यांतून पाणी यायचं.

"आत्याबाई, नका हो," सून शिवणयंत्रावरून ओरडायची.

"झोंबतंय म्हणजे लागू पडतंय. पॉलिश करताना लाकडाला विचारतो का आपण, दुखतंय का म्हणून?"

आठव्या दिवशी ताप चढला. मावशी दवाखान्यात पडली ती पाच दिवस. घोटभर पाणी गिळायचं तर गादी मुठीत धरावी लागे. तिसरा डोस दहा दिवस पुढे गेला. डॉक्टरीणबाईंनी बॅटरीच्या उजेडात गाल पाहिला.

"हे टोचल्यासारखं काय दिसतंय? काय खाता तुम्ही?"

मावशी छताकडे बघायला लागली.

"खिळे," सून म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी विझवली. मग खुर्ची ओढून जवळ बसल्या. "मावशी, औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली येतात. तेव्हा एक बारीक टोचणीसुद्धा जंतूंना दार उघडून देते. पुन्हा असं झालं तर डोस कमी करावा लागेल. मला सहाच्या सहा पुरे द्यायचेत."

मरणाचं बोलल्या असत्या तर मावशीने हसून सोडलं असतं. पण अर्धवट कामाची तिला भारी चीड. बैठकीखालच्या पट्ट्या कमी ठोकल्या की वरून सोफा नवरीसारखा दिसतो आणि सहा महिन्यांत बसणाऱ्याचं बूड जमिनीला टेकतं. असले सोफे तिने आयुष्यभर उसवले होते. आपलंच शरीर तसं होऊ द्यायचं?

घरी येताच झोंबणारी बाटली मोरीत ओतली गेली. लहान मुलांचा मऊ ब्रश आला, तोही कोमट पाण्यात बुडवून आणखी मऊ करायचा. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ, खळखळ करून थुंकायचं. तिखट बंद, जेवण मऊ आणि गार, ओठांना मलम. सुनेने जुन्या स्पीकरचं लोहचुंबक कापडी पट्ट्यात शिवून मनगटाला बांधलं. खिळे आता तिथे.

तीस वर्षांची खोड जाते होय? हात सारखा तोंडाकडे वळायचा.

"हात!" सून यंत्रावरून गर्जायची.

"मी सासू आहे का तू?"

"सहा डोस होईस्तोवर मी!"

घड्याळाचं मावशीला वावडं, म्हणून तिने कामाचंच माप धरलं. खुर्चीची एक बैठक पुरी झाली की एक गुळणी. समोरचा सुतार खिजवायचा, "मावशी, गल्लीत पूर आणता का?"

"आणते की! तुझी कपाटं आधी फुगतील, भुशाची!"

तिसरा डोस झाला, चौथा झाला. चौथ्यानंतर जिभेवर पांढरा थर दिसला. आधीची मावशी तो गिळून बसली असती. या वेळी तिने स्वतः फोन लावला, "बाई, जीभ दहीभातासारखी दिसतेय, आजच बघा." त्याच दिवशी औषध मिळालं, आठवड्यात जीभ लाल झाली. पाचवा डोस ठरल्या तारखेला.

सहाव्याच्या दिवशी रक्ताचा कागद चांगला होता. राहिलं तोंड. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावली. हा गाल, तो गाल, जिभेखाली, हिरड्या. सुनेने पिशवीचा बंद पिळून दोरी केली होती.

"एक फोड नाही," बाई म्हणाल्या. "सिस्टर, लावा शेवटची बाटली. पुरा डोस."

"पुरा ना?" मावशीने खात्री केली.

"थेंब कमी नाही."

मावशी खुर्चीत अशी बसली की जणू ती तिनेच शिवली होती. शेजारच्या खुर्चीत एक दणकट गडी पहिल्या डोसाला आला होता, तोंड उतरलेलं. "फार त्रास होतो का हो, मावशी?" त्याने हळूच विचारलं.

"होतो. पण तोंडावर राज्य आपलं पाहिजे. ब्रश कसला वापरतोस? दाखव दात."

त्या गड्याने आईसमोर दाखवावेत तसे दात दाखवले. मावशीने त्याला सोडा सांगितला, मीठ सांगितलं, फोड आला तर लपवायचा नाही, हे दोनदा सांगितलं. मग सुनेकडून पेला मागून घेतला आणि भर वॉर्डात गुळणीची शिकवणी लावली. चार खुर्च्यांवरची माणसं माना वळवून बघत होती, दोघं हसतही होती. बाटली कधी संपली कुणालाच कळलं नाही.

"मावशी, झालं! सहाही पुरे!" सिस्टर सुई काढायला आली.

"थांब गं जरा," मावशी म्हणाली, "याचा एक गाल कोरडाच राहतोय."