तांदळाच्या डब्यातला सोंडा

शहरातल्या भुंगेऱ्यांची यादी करायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं तेव्हा मी पन्नाशीला आले होते. पाठ कडक आणि आत घडी घातलेले पंख, असे सगळे किडे म्हणजे भुंगेरे. ऑफिस सुटलं की परळच्या बागेत नाहीतर शीवच्या किल्ल्यावर पानं उलथत बसायचं. एका रविवारी, ज्यांच्याकडे मी हे शिकत होते त्या बाई म्हणाल्या, "अहो, घरातले राहिलेच की! तांदळातला सोंडा भुंगेराच आहे. आणा."

लालबागला घरी आले, तांदळाचा डबा उघडला आणि मिळाला. एकच, पण मिळाला. मी खुशीत किड्यासोबत ठेवायची चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीवर तारीख, नेमकी जागा आणि कुणाला सापडला हे लिहावंच लागतं, नाहीतर किडा फुकट. मी लिहिलं : लालबाग, राहतं घर, स्वयंपाकघर, तांदळाचा डबा.

सासूबाई पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि चिठ्ठी वाचली.

"ह्या काय गो लिवलंस? माझ्या घराची अब्रू घालवतलंस तू!"

आता हे समजून घ्या. धान्य कसं राखावं हे विचारायला सबंध चाळीतल्या बायका आमच्याकडे येतात. सासरे गिरणीत होते, खोली दहा बाय बारा, माणसं नऊ. पण दाण्याला कीड लागू दिली नाही, हा सासूबाईंचा आयुष्यभराचा मान. आणि मी तो चिठ्ठीवर मोडून ठेवला होता.

"लिवचा तर शेजारणीच्या घराचा लिव," त्या म्हणाल्या.

"आई, खोटं नाही लिहिता येत."

"मगे लिवच नको."

मी काही कमी हट्टी नाही. चिठ्ठी बदलली नाही. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, चहा मात्र वेळेवर समोर आणून आपटत होत्या. मला वाईट वाटत होतं, पण रागही तेवढाच येत होता.

पुढच्या रविवारी मी बाईंना हा सगळा तमाशा सांगितला. त्या खो खो हसल्या आणि आपल्या संग्रहाचा एक जुना खण ओढला. त्यात पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या, झरझर लिहिलेलं अक्षर : गिरगाव, स्वयंपाकघर, गहू. दादर, कोठीची खोली, तूरडाळ. मी फोटो काढून घरी दाखवले.

सासूबाईंनी मोबाईल नाकाशी धरला. "गिरगावात पण?" बराच वेळ बघून म्हणाल्या, "दादरचे सुद्धा?" त्या रात्री जेवताना त्यांनी मला न विचारता माशाचा तुकडा वाढला.

मे महिन्यात मसाला कुटायला द्यायच्या आधी त्या गॅलरीत धणे निवडत होत्या. मी ऑफिसला निघाले होते. त्यांनी हाक मारली आणि कुंकवाची रिकामी डबी पुढे केली. आत मोहरीएवढा तपकिरी ठिपका, पाठीला पोक.

"सोंडाच आहे आई, उशीर होतोय."

"डोळे खंय आसत तुझे? ह्येका सोंड खंय आसा?"

मी भिंग लावलं. खरंच सोंड नव्हती! इतके किडे बघून मी चुकले होते आणि त्या चष्म्यातून बरोबर होत्या. मसाल्यात होणारा हा वेगळाच भुंगेरा, माझ्या यादीत नव्हता. मला इतका आनंद झाला की पर्स खाली टाकून मी तिथेच फतकल मारून बसले आणि चिठ्ठी लिहिली : लालबाग, राहतं घर, स्वयंपाकघर, धण्याचा डबा.

त्यांनी ती वाचली.

"कोणाक गावलो, ता खंय लिवलंस?"

मी त्यांचं नाव लिहिलं, पूर्ण, सासऱ्यांच्या नावासकट. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग कठड्याशी जाऊन शेजारणीला मोठ्यांदा हाक मारली, "काय गो, तुझ्या धण्यात आसा काय असो किडो?"