रेश्माच्या मावशीचा आवाज

"ही साडी नको गं. घरी नेसतेस ना रोज, तसली काहीतरी हवी होती."

वाशीच्या हॉलच्या दारात आमच्या संस्थेच्या मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पाहुण्यांसमोर असं म्हणाल्या. मग एका कार्यकर्तीच्या हातातली पिशवी माझ्या हातात दिली. आत आमच्या पथनाट्यातली जुनी सुती साडी. खांद्यावर मुद्दाम फाडलेली.

"बाथरूममध्ये पटकन बदलून ये. ट्रस्टचे लोक आलेत. तू लाभार्थी वाटायला पाहिजेस."

माझ्या अंगावर हिरवी साडी होती, जरीच्या काठाची. रेश्माच्या लग्नात तिच्या आईनं मावशीचा मान म्हणून ती मला दिली होती. त्या दिवशी मी ती मुद्दाम नेसले होते. रेश्माला जाऊन फार दिवस झाले नव्हते.

लाभार्थी म्हणजे ज्याचा फायदा झाला तो. माझा काय फायदा झाला ते सांगते.

रबाळ्याच्या कंपन्यांच्या मागे, डोंगराच्या उतारावर आमची वस्ती. आईबापानं खाणीत दगड फोडले. मी नववीपर्यंत शिकले आणि एका संस्थेत आरोग्याच्या कामाला लागले. पहिल्या दिवशी मॅडमनी आडनाव विचारलं. सांगितलं. "अच्छा," म्हणाल्या, आणि तेवढ्यात काय ते समजल्या.

काम म्हणजे घरोघरी जायचं. कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या पोराची लस राहिलीय ते बघायचं. पण बाया घरी सापडतील तर ना! कुणी मार्केटात कांदे निवडायला, कुणी सोसायट्यांमध्ये धुण्याभांड्याला. मग मी फोनमध्ये माझा आवाज भरून निरोप पाठवायला लागले. "अगं बायांनो, मी बोलतेय, टाकीजवळची. पाय सुजले, डोकं ठणकलं, डोळ्यापुढं अंधारी आली, तर घरात बसू नका. सासूला सांगा, मावशीनं सांगितलंय, आधी दवाखाना." मागे माझा कुकर वाजायचा. बाया चिडवायच्या, "मावशे, तुजी डाळ शिजली का न्हाई?" पण ऐकायच्या. दवाखान्यात जायच्या.

मॅडमना ते आवडलं. एक ट्रस्ट अशा कामाला छोटी अनुदानं देत होता. वस्तीचं आरोग्य आणि त्यात मोबाइल, कॉम्प्युटर असं काही पाहिजे. मॅडमनी अर्ज केला आणि नमुना म्हणून माझा आवाज पाठवला, कुकरसकट. अनुदान मिळालं. मी गल्लीत पेढे वाटले. आता मशीन स्वतःच फोन करणार होतं, साध्या बटणाच्या फोनवरही. जिच्याकडे मी पोचत नाही तिच्याकडे माझा आवाज पोचणार होता. त्या रात्री आनंदानं मला जेवण गेलं नाही.

बेलापूरच्या स्टुडिओत मला काचेच्या खोलीत बसवलं. दोन वाक्यं बोलले. कानाला हेडफोन लावलेला माणूस मॅडमकडे बघून हसला.

मॅडम आत आल्या. "तुमच्या लोकांचा टोन जरा रफ असतो ना. ट्रस्टवाले ऐकणारेत. आपण प्रोफेशनल आवाज घेऊ. वाईट नको वाटून घेऊस."

"मॅडम, बाया ऐकणार नाहीत."

"का नाही ऐकणार? किती गोड आवाज आहे तिचा."

आवाज द्यायला आणलेली ती मुलगी खरंच गोड बोलली. "नमस्कार. आपल्या आरोग्यासाठी एक महत्त्वाची सूचना."

आमच्या वस्तीत फोन करून नमस्कार कोण म्हणतं? हप्तेवाले. घरटी कुठल्या ना कुठल्या फायनान्सचं कर्ज. हप्ता चुकला की आधी असाच गोड आवाज येतो, मग मोटरसायकलवरून पोरं येतात आणि दारात उभं राहून अब्रू काढतात. त्यामुळे शुद्ध मराठीत कुणी नमस्कार म्हटलं की बाया फोन कापतात. वर दोन शिव्याही घालतात. मी हे ऑफिसात जाऊन सांगितलं. मॅडमनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "हे बघ, सगळं हिरवं. लोक कॉल उचलतायत." उचलला म्हणजे ऐकला, असं त्या कॉम्प्युटरला वाटत होतं आणि मॅडमनाही.

रेश्मा आमच्या समोरच्या घरातली. रक्ताचं नातं नाही. तिची आई मार्केटात जायची, पोरगी माझ्या चुलीपाशी वाढली. लग्न होऊन दिघ्याला गेली. दिवस राहिले तेव्हा आधी मला कळवलं, मग आईला. तिच्याकडे स्वतःचा फोन नव्हता, तो सासूच्या कमरेला. पूर्वी माझा निरोप आला की सासू हाक मारायची, "रेश्मे, तुजी मावशी बोलाया लागली, ये." मग दोघी ऐकत बसायच्या.

मशीन आलं तसे माझे निरोप बंद झाले, आणि मला संस्थेनं तुर्भ्याच्या बाजूला सर्व्हेवर घातलं. दिघ्याला जाणं झालं नाही.

रेश्माचे पाय सुजले. डोकं दुखायला लागलं. घरात म्हणाले, पहिलटकरीण आहे, सुजायचेच. मशीनचा फोन नेमकं तेच सांगायला आला होता. नमस्कार म्हणाला. सासूनं कापला.

मग झटके आले. रिक्षात घालून नेईपर्यंत रेश्मा गेली. बाळ पोटातच गेलं.

मी पोचले तेव्हा सासू माझ्या गळ्यात पडली. "बाई, मला वाटलं हप्तेवालीचा फोन हाय. हप्ते थकलेत आमचे. तुजा आवाज असता तर मी तिला दिला नसता का गं?"

मी तिला धरून बसले. तिच्यावर राग आला नाही, आजही येत नाही. रेश्माच्या पायांकडे मात्र बघवत नव्हतं. तिची जोडवी सुजेत रुतली होती.

ऑफिसात सांगितलं. मॅडमचे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी डोळे पुसले. "पण हे कार्यक्रमात नको काढूस. अनुदान पुढं चालू राहायचंय. तू एवढंच म्हण, या फोनमुळे माझ्या मुलीचा जीव वाचला."

मला मुलगी नाही. होती म्हणायची तर रेश्माच होती.

तर ती पिशवी. मी ती दारातच खाली ठेवली.

"मी साडी बदलणार नाही."

"इथं सीन करू नकोस," मॅडम दात आवळून म्हणाल्या.

आजवर मान खाली घालून होकारच दिला होता. स्टेजवरून पुकारलं, "आता आपल्या एक लाभार्थी ताई." नाव नाही. मी गेले. माइक हातात घेतला.

"मी लाभार्थी नाही. तुम्हाला पाठवलेला आवाज माझा होता. तो तुम्हाला चालला, वस्तीसाठी चालला नाही. तुमचा गोड आवाज आमच्याकडे हप्तेवालीचा वाटतो. म्हणून माझ्या रेश्माच्या घरी फोन कापला. रेश्मा मेली. तिचं बाळ मेलं. तुमच्या कॉम्प्युटरवर तो फोन हिरवा दिसतोय."

कुणीतरी सवयीनं टाळी वाजवली आणि हात तसेच धरून बसलं. ट्रस्टचे साहेब मोबाइलमध्ये बघू लागले. मी उतरले आणि जेवण लागलं होतं त्या टेबलांमधून बाहेर पडले. काम गेलं. संस्थेला अनुदान पुन्हा मिळालं असं ऐकते. दिघ्याला त्या घरात अजून फोन वाजला की सासू रडते, तिला कोण काय सांगणार?

मी परत माझ्याच फोनवर बोलते. कधी मध्येच रडू येतं. तेही तसंच जातं. सुरुवातीला म्हणते, "मी बोलतेय, रेश्माची मावशी."

परवा दुसऱ्या संस्थेची एक मुलगी आली. त्यांनाही असंच अनुदान मिळणार होतं. मी तिला चहा दिला आणि विचारलं, "फोनवर बोलणार कोण?"

"ते वरून ठरेल."

"मग वर सांग, आवाज आमचा. अर्जावर नाव आमचं. कुणी मेलं तर तेही आम्हीच सांगणार, स्टेजवरून. कबूल असेल तर ये. नसेल तर या गल्लीत पाय ठेवू नका."

ती चहा अर्धा टाकून गेली. जाऊ दे.

हिरवी साडी मी पेटीत ठेवलेली नाही. दारामागच्या खुंटीला आहे. कुणी पुन्हा स्टेजवर बोलावलं तर तीच नेसून जाणार आहे, आणि तोंड उघडलं की पहिलं नाव रेश्माचं घेणार आहे.