परवाचे नऊशे

"नळीवरचं नाव वाचू नका, नंबर वाचा," असं लॅबमधल्या मावशी एकदा नव्या तंत्रज्ञाला म्हणाल्या होत्या. तीस वर्षं त्या गरोदर बायकांच्या रक्तातलं हार्मोन मोजत आल्या. गर्भाला पोसणारी वार रुजू लागली की ती हे हार्मोन सोडते, आणि सुरुवातीला दोन-तीन दिवसांत त्याचा आकडा दुप्पट होतो. तो घसरला, तर गर्भ बहुधा टिकत नाही.

आजची नळी त्यांच्या लेकीची होती. आधी दोनदा गर्भ पडलेली लेक बाहेर बाकावर निकालाची वाट पाहत होती. परवा आकडा नऊशे होता. आज मशीनने सहाशे दहा दाखवला.

मावशींनी मशीन धुऊन तोच नमुना पुन्हा लावला. सहाशे चार. तिसऱ्यांदा लावला.

"मावशी, मशीनला घाम फुटेल हो," तंत्रज्ञ हसत म्हणाला. मग त्याने नळीवरचं नाव वाचलं आणि त्याचं हसू मावळलं.

"परवा माझाच हात चुकला असेल. तेव्हाही सहाशेच असतील," मावशी म्हणाल्या.

परवाचा उरलेला नमुना फ्रीजमध्ये होता. त्यांनी तो लावला आणि देव पाण्यात घालून बसल्या. आकडा नऊशेच्या आसपासच आला.

"तिचं आणखी थोडं रक्त घेऊ का रे?"

"घ्या की. पण कशाला, असं ती विचारेल."

मावशींनी हातमोजे काढले, दार उघडलं आणि रिकाम्या हातांनी बाकाकडे निघाल्या.