दम घेणारं गायरान

आधी बाबा पायातल्या वहाणा काढायचे, मग गवतात आडवे होऊन जमिनीला कान लावायचे. गावची पन्नास गुरं मागे मुकाट उभी. जरा वेळानं उठून म्हणायचे, "आज हितं न्हाई. दम घेतीय ती." आणि गुरं दुसऱ्या तुकड्याकडे वळवायचे.

तुम्ही पाहिलं असतं तर हसला असतात. मीही हसलो होतो. दोन हजार सालच्या आसपास माती तपासणीच्या कचेरीतून मी विंझरपुढच्या त्या गावी जायचो. बाबा म्हणजे गावचे गुराखी, सगळेच त्यांना बाबा म्हणायचे. चुना फासलेले दगड रोवून त्यांनी गायरानाचे सहा तुकडे केले होते. पाळीपाळीनं एक चरायचा, पाच राखायचे. गवत गुडघ्याला लागेपर्यंत तिथं गुरांचं पाऊल पडू द्यायचे नाहीत.

"पण ऐकू काय येतं, बाबा?"

"तुमीच ऐका की, सायेब."

मी आडवा झालो. गालाला गवत टोचलं, कानात मुंगी शिरता शिरता राहिली. भिडेखातर म्हटलं, "हो, येतंय."

"खोटं नगा बोलू," ते हसले. "तिला कळतं."

का कोण जाणे, मी पटकन उठलो.

गावाला मात्र ही राखण नकोशी झाली होती. नवं गवत फुटावं म्हणून शेजारच्या डोंगरासारखं आपलंही गायरान पेटवावं, गुरं सगळीकडे मोकळी सोडावीत, असं चाललं होतं. सरपंच बाबांना म्हणाले, "माती सुधारली म्हणता ना? मग तपासणीचा कागद आणा, बघू."

बाबांनी माझा हात धरला. "माती न्या, सायेब. कागदावर काय येतंय ते मला वाचून दावा. तिला जाळू दिऊ नगा."

मी दोन पिशव्या भरल्या, एक राखलेल्या तुकड्यातली, एक शेजारच्या जळक्या डोंगरावरची. आणि सांगायला लाज वाटते, त्या पिशव्या तीन महिने माझ्या टेबलाखाली पडून होत्या. आज करू, उद्या करू!

शेवटी एकदाची माती तपासली, आणि निकाल पाहून मीच चाट पडलो. बाबांच्या मातीत सेंद्रिय कर्ब कितीतरी जास्त होता. वर्षानुवर्षांची मुळं आणि शेण त्या जमिनीनं पोटात जिरवून ठेवलं होतं. तडक एसटी धरली. फाट्यावर उतरलो तेव्हा कळलं, बाबांना जाऊन नऊ दिवस झाले.

गायरानावर गाव जमला होता. राखलेल्या तुकड्यात गुरं घालायची आणि उरलेलं गवत पेटवायचं, असं ठरलेलं. नवा गुराखी काठीनं बडवत होता, पण चुना फासलेल्या दगडापलीकडे एक खूर पडत नव्हता. भर दुपारी पन्नास गुरं माना खाली घालून, कान जमिनीकडे करून उभी. गळ्यातलं घुंगरूसुद्धा वाजत नव्हतं.

"आरं, हे काय हाय?" सरपंच पुटपुटले. काडेपेटी त्यांच्या हातातच होती.

कागद सरपंचांना द्यावा एवढंही मला सुचेना. चपला काढल्या, दगडाशी बसलो आणि पहिल्या ओळीपासून जमिनीला मोठ्यानं वाचून दाखवला. मग कागद खाली ठेवला. म्हटलं, "उशीर झाला, बाबा. चुकलो."

पुढची गाय वळली. तिच्यामागे सगळी गुरं, कुणी न हाकता, त्या दिवशीच्या पाळीच्या तुकड्याकडे चालू लागली. सरपंचांनी काडेपेटी खिशात घातली.

मी तिथंच आडवा होऊन कान लावला. या वेळी खोटं बोलत नाही. ऐकू आलं.