जिन्याला बांधलेली होडी

मालवणला होडीत बसले, मोटर सुरू झाली आणि पेट्रोल-ऑइलच्या धुराचा वास आला. त्यासरशी मी चेन्नईत, वेलचेरीच्या आमच्या जुन्या जिन्यात पोचले.

त्या वर्षी पुरात तळमजला बुडाला होता. वीज नव्हती, इन्व्हर्टरची बॅटरी संपली होती आणि सासूबाईंना दम्याचा झटका आला होता. वाफेतून औषध देणारा नेब्युलायझर बंद. बाहेर पाण्याला एवढी ओढ की त्यांना होडीतून नेणंही धोक्याचं.

शेजारच्या इंदिराअक्का तंजावरच्या मराठी. त्यांनी गॅलरीतून, मोटरच्या होडीने माणसं पोचवणाऱ्या सेल्वमला तमिळमध्ये हाक मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मोटरीवर बॅटरी चार्ज होते म्हणतो. पण पेट्रोल थोडकंच आहे गे."

मी आणि नवऱ्याने बॅटरी पायऱ्यांवर उतरवली. सेल्वमने होडी जिन्याच्या कठड्याला बांधली, वायरी जोडल्या. धूर वर जाऊ नये म्हणून आम्ही घराचं दार घट्ट लावलं. मोटर जरा अडखळली की मी पेट्रोलच्या टाकीकडे बघे.

"तू घरी कसा जाशील?" अक्कांनी त्याला विचारलं.

"आधी आजींना श्वास घेऊ दे," तो म्हणाला.

शेवटी पेट्रोल संपून मोटर बंद पडली. आम्ही बॅटरी वर नेऊन इन्व्हर्टरला जोडली. यंत्र घरघरलं, मास्कमध्ये वाफ आली आणि हळूहळू सासूबाईंचे खांदे सैल झाले.

तेव्हा मला फक्त तो श्वास ऐकू येत होता. आज मात्र खिडकीतून दिसलेला सेल्वम आठवतो, बंद मोटर वर उचलून, बांबूने होडी रेटत त्या ओढीत शिरणारा.