खिडकीचा सराव

दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाचं मदत केंद्र दर रविवारी अकरा ते एक या वेळात चालतं. सरोजिनी नगरच्या क्वार्टर्सपासून चालत दहा मिनिटांवर एक हॉल आहे, त्याच्या मागच्या खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक लोखंडी कपाट. टेबलामागे आम्ही दोघं. एक मी, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात फायली पुढे सरकवणारी. दुसरे काका, पस्तीस वर्षं फायली सरकवून अंडर सेक्रेटरी म्हणून रिटायर झालेले. तिसरी खुर्ची येणाऱ्यासाठी. काकू चहा करायच्या आणि आमच्याकडे बघून मान हलवायच्या.

दोन सरकारी माणसांनी समाजसेवा करायला घेतली की ती कशी होणार, हे वेगळं सांगायला नको. यूपीएससीच्या तयारीला आलेली एखादी मुलगी भाड्याची खोली शोधत आली, की आम्ही आधी तिची फाईल उघडायचो. डावीकडे टिपणं, उजवीकडे कागद, प्रत्येक पानाला नंबर. मुलीला खोली मिळून, परीक्षा होऊन ती गावी परत गेली तरी फाईल चालूच, कारण ती बंद करायला अध्यक्षांची सही लागे आणि अध्यक्ष पुण्याला लेकीकडे गेलेले असत. तरीही लोकांची कामं व्हायची, हे मान्य करायला हवं. कुणाला डॉक्टर मिळे, कुणाला वकील, कुणाला घरगुती डबा. काका मंडळाच्या लेटरहेडवर असं पत्र लिहायचे, की वाचणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटे.

जानेवारीतल्या पहिल्या रविवारी ती आली. तिशीची असेल, मूळची जालन्याकडची, राहायला फरीदाबादला. नवरा तिथल्या एका कारखान्यात मशीनवर कामाला. डिसेंबरात त्याचा उजवा हात मशीनमध्ये आला आणि तीन बोटांच्या शिरा तुटल्या. जवळच्या कामगार दवाखान्यात टाके घातले, जखम भरली, पण बोटं वाकेनात. मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन केलं तर वाकतील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यासाठी दवाखान्यातून मोठ्या हॉस्पिटलच्या नावाचा एक कागद हवा होता, आणि खिडकीवरचा माणूस तो कागद देत नव्हता. ती दोनदा जाऊन परत आली. तिसऱ्यांदा नवरा गेला, खिडकीवर ओरडला, आणि तेव्हापासून घरात भिंतीकडे तोंड करून पडून होता.

"डॉक्टर म्हणाले लवकर करा," ती म्हणाली. "नाहीतर बोटं तशीच राहतील. मग यांना मशीनवर कोण घेणार?"

"लवकर म्हणजे किती?" मी विचारलं.

"लवकर म्हणाले, ताई."

काकांनी फाईलच्या कव्हरवर लाल पेनानं 'तातडीचे' असं लिहिलं. आमच्या कपाटातल्या निम्म्या फायलींवर तेच लिहिलेलं होतं. मग त्यांनी झकास पत्र तयार केलं, मी त्यावर मंडळाचा शिक्का मारला, आणि ती पिशवी छातीशी धरून फरीदाबादला गेली.

पुढच्या रविवारी ती पत्रासकट परत आली. खिडकीवाल्यानं पत्र वाचलं होतं, 'अच्छा' म्हणाला होता आणि साहेब नाहीत असं सांगून पुढच्याला बोलावलं होतं.

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. हिंदी येते मला, ताई. भाजीवाल्याशी भांडते मी. पण त्या खिडकीपुढे उभी राहिले की तोंडातून शब्दच फुटत नाही. मागची माणसं ढकलतात, तो वर बघत नाही, मग मी बाजूला होते."

काका खुर्चीत ताठ बसले. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज मी रिटायरमेंटनंतर पहिल्यांदाच पाहिलं. "अर्ज, पत्रं पुरे," ते म्हणाले. "हिला सराव पाहिजे. मी खिडकीवाला बनतो. ये समोर."

आणि आमच्या मदत केंद्रात खिडकीचा सराव सुरू झाला. टेबलावर दोन पुठ्ठ्याची खोकी उभी करून मध्ये फट ठेवली, ती खिडकी. काकूंना रांगेत घुसणाऱ्या बाईचं काम मिळालं. मी आतल्या खोलीतले साहेब झाले, म्हणजे मला फक्त जागेवर नसायचं होतं. तीही कला असते, आणि मला ती चांगली जमते.

काकांचं तर काय, बघायलाच नको. तिनं कागद पुढे केला की ते डब्यातले मटार सोलत बसायचे. तिनं "भाईसाब" म्हटलं की पेनाचं टोपण शोधायचे. "फोटोकॉपी?" तिनं दिली. "इस पर साइन?" तिनं केली. "पेन काला चाहिए, ये नीला है।" ती हिरमुसून मागे झाली की काका मराठीत ओरडायचे, "मागे नाही व्हायचं! मागे झालीस की संपलं!" मग ती पुन्हा पुढे, मग काका म्हणायचे, "लंच हो गया।"

"काका, आता तर साडेअकरा वाजलेत," ती म्हणाली.

"शाब्बास! हे म्हणायचं. हिंदीत म्हण."

पोरगी हुशार होती. तासाभरात ती साहेबांचं नाव विचारू लागली, किती वाजता येतात ते विचारू लागली. "लिखकर दीजिए" हे वाक्य शिकवलं तेव्हा ती आधी हसतच सुटली, मग तिनं ते म्हटलं आणि मला आतल्या खोलीत टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. काकांनी डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, "लिखकर लेने के लिए अलग से एप्लिकेशन दो।"

निघताना तिनं विचारलं, "उद्या जाऊ का मग?"

"छे! अजून कच्ची आहेस," काका म्हणाले. "पक्की झाल्याशिवाय जायचं नाही. सारखं सारखं परत आलं की खिडकीवाला तोंड ओळखतो, मग तर मुळीच काम करत नाही." हे अगदी खरं असतं. मीही मान डोलावली.

त्याच्या पुढचा रविवार संक्रांतीनंतरचा, म्हणजे मंडळाची पानिपतची सहल. दरवर्षी दोन बसेस भरून आम्ही तिथल्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जातो, फुलं वाहतो, जेवतो, परत येतो. काकांनी तिलाही बोलावलं होतं, कारण बसमध्ये चार तास सरावाला मिळणार होते. सोनीपतपर्यंत दोन सीटच्या मधल्या फटीतून खिडकी चालली. आख्खी बस त्यात रमली. मागच्या सीटवरची एक बाई तर काकांवर खरोखरच चिडून बोलू लागली.

काला अंबपाशी काका नेहमीप्रमाणे बोलायला उभे राहिले. आपलं सैन्य कसं महिनोन्महिने अडकून पडलं, धान्य संपलं, जनावरं मेली, आणि शेवटी उपाशी पोटी लढायला निघालं तेव्हा फार उशीर झाला होता. सांगताना दरवर्षी त्यांचा आवाज भरून येतो आणि दरवर्षी माझेही डोळे पाणावतात. ती माझ्या शेजारीच उभी होती, पिशवी छातीशी धरून. मी तिला तिळगूळ दिला.

चौथ्या रविवारी ती आली तेव्हा काकांनी नवी खेळी आणली होती. सर्व्हर डाऊन. तिनं त्यावरही तोड काढली, हातानं लिहून घ्या म्हणाली. मग काका उठून खिडकी बंद करूनच गेले, म्हणजे खोकी उचलून घेऊन गेले. आम्ही पोट धरून हसलो. तीही हसली, पण जरा उशिरा.

"काका, आज झाले का मी पास?"

"अजून एक रविवार," काका म्हणाले.

काकूंनी चहाचा ट्रे टेबलावर आपटला. "अहो, पस्तीस वर्षं लोकांना परत पाठवलंत, अजून हौस फिटली नाही का? हिच्या नवऱ्याची बोटं तुमच्या रविवारांसाठी थांबणार आहेत?" मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू गं? मोठी साहेब होऊन आत बसतेस. उद्या सुट्टी टाक आणि जा हिच्याबरोबर."

"काकू, उद्या ऑफिसात माझी एक मीटिंग..."

"टाक म्हटलं ना."

सुट्टी टाकली. सोमवारी सकाळी धुक्यातून मेट्रोनं लाजपत नगरला उतरले, गाडी बदलली आणि फरीदाबादला पोचले. ती स्टेशनाबाहेर उभी होती. दवाखान्यापर्यंत ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत चालली होती. सरकारी नोकरीत वीस वर्षं झाली, पण खिडकीच्या बाहेरच्या बाजूला मी कधी उभी राहिले होते, ते मला आठवेना.

खिडकीत मफलर गुंडाळलेला एक तरुण क्लार्क पेरू खात बसला होता. तिनं कागद पुढे केले.

"साहब राउंड पे हैं," तो वर न बघता म्हणाला.

"कितने बजे आएँगे?"

"कह नहीं सकते।"

"ठीक है। मैं यहीं खड़ी हूँ। आप बाक़ी लोगों का कर लो।"

आणि ती खरंच तिथेच उभी राहिली, खिडकीच्या डाव्या कडेला, इंचभरही मागे न होता. मागून कुणीतरी ढकललं, तर मी मध्ये उभी होते. क्लार्कनं पहिल्यांदा वर पाहिलं. आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे.

"आप कौन?"

मी पर्समधून ऑफिसचं कार्ड काढायच्या बेतात होते. तेवढ्यात ती म्हणाली, "मेरे साथ हैं।"

त्यानं पेरू खाली ठेवला, कागद उचलले आणि आत गेला. दहा मिनिटांत सही करून घेऊन आला. पेन निळं होतं, त्याचंही त्याला काही वाटलं नाही. काकांपुढे हा पोरगा अगदीच लिंबूटिंबू होता. आम्ही बाहेर आलो तर ती मला म्हणाली, "एवढंच होतं, ताई?" मी हसले. जीव भांड्यात पडला होता आणि दोघींना भूक लागली होती. समोरच्या गाडीवर आम्ही छोले कुलचे खाल्ले.

तीन दिवसांनी मोठ्या हॉस्पिटलात मी पुन्हा तिच्याबरोबर गेले. नवऱ्याला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, उंच, गप्प, उजवा हात शर्टाच्या आत ठेवलेला. डॉक्टरांनी एकेक बोट धरून पाहिलं. दोन बोटं होतील, म्हणाले. तिसऱ्याचा भरवसा नाही, ते आता आखडलंय. "थोड़ा पहले आना था। तीन-चार हफ़्ते पहले आते तो तीनों हो जातीं।"

"काग़ज़ नहीं मिल रहा था, साहब," नवरा म्हणाला.

माझ्या हातात आमची फाईल होती, वर लाल अक्षरं होती. मला इतकी लाज वाटली, की मी ती उलटी करून धरली.

ऑपरेशन झालं, पुढे कितीतरी दिवस रोज व्यायाम झाला. उन्हाळ्यात तो पुन्हा कामावर लागला, त्याच कारखान्यात, मशीनवरच. तिच्या गल्लीतल्या बायका आता रेशनच्या, शाळेच्या, कसल्याही खिडकीवर जाताना तिला बरोबर नेतात, असं ती फोनवर सांगते. सांगताना तिचा आवाज चांगलाच चढलेला असतो.

जूनमधल्या एका रविवारी ती दोघं पेढे घेऊन हॉलवर आली. काकांनी पेढा बाजूला ठेवला आणि म्हणाले, "हात बघू."

त्यानं हात पुढे केला आणि मूठ मिटली. करंगळीशेजारचं बोट तसंच सरळ राहिलं. "बाकी सगळं जमतं, काका," तो हसत म्हणाला. "भात कालवताना हे एक बाहेर राहतं, तेवढंच."

काका हसले नाहीत. त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, ते बोट हळूच वाकवून पाहिलं, आणि ते वाकेना तेव्हा नुसतं धरून ठेवलं. ती म्हणाली, "जाऊ द्या ना काका, दोन तर आली." काकूंनी चहाचे कप भरायचे थांबवले.

"तू पहिल्यांदा आलीस ना," काका तिच्याकडे न बघता म्हणाले, "त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी मोकळाच होतो."